धुराची वाट

ही हकीकत मी तीन वर्षं कुणाला नीट सांगितलेली नाही. घरी तर नाहीच. घरी एवढंच ठाऊक आहे की मी दोस्तांबरोबर काश्मीरला गेलो, बर्फ खूप होता, एका रात्री डोकं फार दुखलं आणि सुखरूप परत आलो. आमच्याकडं हा अंक टपालानं आला की आधी बेगम वाचते, मग त्यातलं निवडक अम्मीला वाचून दाखवते आणि शेवटी तो माझ्या हाती लागतो. म्हणजे हे पान छापून येईल त्या संध्याकाळी माझी पेशी आहे.

लिहायचं कारण वेगळंच घडलं. मागच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात एक कॉलेजातली मुलगी न्हाणीघरात बेशुद्ध पडली. आत गॅस गिझर, खिडकी थंडीमुळं घट्ट लावलेली. दार तोडलं म्हणून वाचली. भेटायला गेलो तेव्हा तिचे अब्बा पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "सर, ना धूर होता, ना वास होता." ते ऐकून मला आमचा तो कोठा आठवला आणि रात्री झोप लागली नाही.

बी.एड.ला मी पुण्यात होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत बडगाम जिल्ह्यातला एक काश्मिरी विद्यार्थी होता. त्या काळी तिकडची बरीच मुलं बी.एड.साठी महाराष्ट्रात यायची. एप्रिल लागला की हा बिचारा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पाठ टाचणं लिहीत बसायचा. मी सोलापूरचा. त्याला चिडवायचो की ही कसली गरमी, मे महिन्यात आमच्या गावी ये. तो म्हणायचा, "मैं आ जाऊँगा, पहले तुम चिल्ला-ए-कलान में आओ."

चिल्ला-ए-कलान म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातले कडाक्याचे चाळीस दिवस. 21 डिसेंबरला लागतात आणि जानेवारीअखेर संपतात. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. थोरला, धाकटा आणि पोर, असं थंडीचं कुटुंबच. तिकडच्या शाळांना याच दिवसांत लांब सुट्टी असते. दोस्त आता सरकारी शाळेत मास्टर आहे. वीस वर्षं बोलावत होता. शेवटी एका जानेवारीत किरकोळ रजा जोडून आम्ही तिघं निघालो.

तिघं म्हणजे मी, माझ्याच शाळेतले विज्ञानाचे शिक्षक आणि माझा लहानपणचा दोस्त, ज्याचं कापडाचं दुकान आहे. नावं लिहीत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना आम्ही 'सायन्स' म्हणतो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे, मला 'सर' म्हणतो. दुकानदाराला सगळं गाव सेठ म्हणतं, आम्हीही म्हणतो.

सामानात बेगमनं पन्नास कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक सोलापुरी चादर दिली होती. चादर मी नको म्हणत होतो. काश्मीरला चादर नेणं म्हणजे कोकणात नारळ नेणं. ती म्हणाली, राहू द्या, कामाला येते. ती कोणत्या कामाला आली ते पुढं सांगतो.

दूधपथरी हे नाव काहींनी ऐकलं असेल. श्रीनगरपासून 42 किलोमीटर, बडगाम जिल्ह्यातच, पीर पंजालच्या उतारावरचं मोठं कुरण. उंची साधारण नऊ हजार फूट. शेख नूरुद्दीन नूरानी, ज्यांना तिकडं नुंद ऋषी म्हणतात आणि ज्यांची दर्गाह चरार-ए-शरीफला आहे, ते इथं नमाजच्या वेळी पाणी शोधत होते. काठीनं जमीन उकरली तर दूध आलं. ते म्हणाले, तू तर फक्त पिण्याच्या कामाची, तुझ्यानं वुझू कसा होणार. तेव्हा दुधाचं पाणी झालं. अशी तिथली आख्यायिका, आणि त्यावरून नाव दूधपथरी. शालीगंगा नावाची नदी मधून वाहते. उन्हाळ्यात गुज्जर लोक म्हशी-गुरं आणि बकरवाल लोक शेळ्यामेंढ्या घेऊन वर येतात. त्यांची तिथली घरं म्हणजे कोठे. ओंडके, दगड आणि माती, वर सपाट मातीचं छप्पर, अर्धं घर टेकडीच्या पोटात खुपसलेलं. एका बाजूला माणसं, एका बाजूला जनावरं. आपल्या 'गोठ्या'चा सख्खा भाऊ शोभावा असा शब्द आणि तशीच वास्तू. थंडी पडू लागली की कळप खाली उतरतात आणि कोठे रिकामे, बर्फाखाली गाडलेले राहतात.

दोस्ताच्या गावाजवळ एक गुज्जर कुटुंब हिवाळ्यात राहतं. त्यांचा कोठा वरच्या अंगाला, देवदार-फरच्या रानाच्या कडेला. कुटुंबातला विशीतला मुलगा आम्हाला एक रात्र तिथं घेऊन जायला तयार झाला. दोस्तानं जागा मुद्दाम विचारून घेतली होती: वर मोकळा उतार नको, बर्फाची दरड येते, झाडांच्या आडोशाला पाहिजे. एवढी काळजी घेणारी माणसं आम्ही. संकट घरातूनच येईल हे मात्र कुणाच्या मनात नव्हतं.

खानसाहिबवरून गाडीनं जिथवर रस्ता मोकळा होता तिथवर गेलो. पुढं पायी. गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट श्रीनगरलाच घेतले होते. तिकडं मोठे ट्रेकिंगचे बूट कुणी घालत नाही, सगळे तेच घालतात. बर्फातली चाल म्हणजे काय हे सोलापूरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडं काळ्या रानात पावसाळ्यात ढेकूळ पायाला चिकटून येतं ना, तसं. फक्त इथं पाय वर येण्याऐवजी आधी मांडीपर्यंत खाली जातो. पुढचा माणूस वाट फोडतो, मागचे त्याच्या पावलात पाऊल ठेवतात. पुढच्याचा दम पाचदहा मिनिटांत संपतो, मग तो बाजूला होऊन शेवटी जातो. मुलगा मात्र कधी शेवटी गेलाच नाही. सेठ दर वीस पावलांवर थांबून म्हणायचा, "मेरे कू यहीं दफना दो."

सायन्स सारखा बोलत होता. बर्फ पांढरं का दिसतं, उंचीवर हवा विरळ का होते, घाम आला तर जॅकेट आधी का काढावं. बोलणं सगळं खरं. पण दमलेल्या माणसाला खरं बोलणारा फार टोचतो. त्याच्याजवळ करोनाच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर होता, बोटाला लावायचा चिमटा. तो प्रत्येक मुक्कामाला आमची बोटं धरायचा. माझं 93, सेठचं 92. "सर, उंचीमुळं एवढं कमी होतंच." मी हूं म्हणालो.

तीन-चार किलोमीटरला चार तास लागले. कोठ्याचं दार फावड्यानं उकरून काढावं लागलं. आत वाकून जायचं. माणसांची बाजू दहा बाय बारा फुटांची असेल, मध्ये चूल, आणि चुलीच्या वर छपरात हातभर भोक. त्यावर पाऊस-बर्फ सरळ आत पडू नये म्हणून बाहेरून एक चपटा दगड चार दगडांवर ठेवलेला. तीच धुराची वाट. खिडकी नाही. चूल पेटली तेव्हा आधी सगळा धूर खालीच राहिला, आमचे डोळे गेले. मग भोक गरम झालं आणि धूर वाट धरून निघाला. मुलगा हसून म्हणाला, "अब घर जाग गया."

पाणी करणं हेच मोठं काम. पातेलंभर बर्फ वितळलं की तळाला दोन पेले पाणी. बर्फ नुसतं चढवलं तर पातेलं करपतं, आधी तळाशी थोडं पाणी घालायला लागतं. हे मुलानं शिकवलं. वुझूपुरतं, चहापुरतं, प्यायला, असं करत दीड तास गेला. मगरिब आत पढलो तर दोघांनाच सजद्याला जागा, म्हणून पाळ्या लावल्या. मग नमकीन चहा, मुलाच्या घरच्या मक्याच्या रोट्या, आमच्या कडक भाकरी आणि चटणी. शेंगाची चटणी दोस्ताला इतकी आवडली की वीस वर्षांपूर्वी मी ती त्याच्यापासून लपवून ठेवायचो हे त्यानं सगळ्यांना सांगितलं. खरं आहे, लपवायचो.

आणि मग ती गोष्ट झाली. जेवण चालू असताना सायन्स चुलीकडं बघत म्हणाला, "सर, ज्वाला असते तेव्हा जळण पूर्ण होतं, पण निखारे राहिले की..." मी त्याला मध्येच तोडलं. म्हणालो, "अरे बाबा, इथं तरी तास घेऊ नकोस. घंटा झालीय." सगळे हसले. सेठ तर फार हसला. सायन्सही हसला, पण तोंड मिटून. त्यानंतर तो रात्रभर एक शब्द बोलला नाही. मला ते कळलं होतं. मला बरंच वाटलं, हेही लिहितो.

दहाच्या सुमारास निजलो. ओळीनं पाच जण, पाय चुलीकडं. दाराशी मुलगा, मग दोस्त, मग सेठ, मग मी आणि भिंतीला सायन्स. दोस्ताची आणि मुलाची कांगडी त्यांच्या फेरनमध्ये. कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात कोळशाचे निखारे. काश्मिरी माणूस ती अंगाशी घेऊन फिरतो. निजताना त्यांनी त्या बाजूला काढून चुलीशी ठेवल्या. बाहेर बर्फ सुरू झालं होतं. त्याचा आवाज नसतो. आवाज बंद झाल्यावर कळतं की ते पडतंय.

अकराच्या सुमारास मी जागा झालो. थंडीनं दात वाजत होते. वर बघितलं तर त्या भोकातून थंडी धारेसारखी खाली येत होती, बर्फाचे दोन-चार कणही येत होते. चुलीत ज्वाला नव्हती, नुसते लाल निखारे. धूर अजिबात नव्हता. माझा हिशेब साधा झाला: धूर नाही, तर धुराच्या वाटेचं काय काम? मी उठलो, बेगमनं दिलेली चादर चौपदरी केली आणि छप्पर बुटकंच होतं म्हणून उभं राहून काठीनं भोकात दाबून बसवली. सोलापुरी चादर कशी जाड असते तुम्हाला ठाऊक आहे. बुचासारखी बसली. पाच मिनिटांत उबदार झालं. झोपताना माझी नजर सायन्सकडं गेली. त्याचे डोळे उघडे होते. तो माझ्याकडं बघत होता. मी कुशीला वळलो.

पुढचं मला तुटक आठवतं. डोकं दुखत होतं, कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं. वाटलं उंचीमुळं. मळमळत होतं, वाटलं नमकीन चहा सोसला नाही. उठून पाणी प्यावं असं वाटलं आणि हात उचलावासा वाटेना. भीती वगैरे काही नाही. उलट छान वाटत होतं, पावसाळ्यात सकाळी शाळेला सुट्टी जाहीर झाल्यासारखं.

तिकडं मुलगा तीनच्या सुमारास उठला होता. मातीच्या सपाट छपरावर फार बर्फ साठू द्यायचं नसतं, तुळया मोडतात. रात्रीतून एकदा उठून ते उतरवायचं ही त्यांची सवय. दाराबाहेर दोन फूट बर्फ चढलं होतं, म्हणजे दाराच्या फटीही बुजल्या होत्या. त्यानं खांद्यानं दार रेटलं आणि फावडं घेऊन वर चढला. वर चढला तर धुराची वाट दिसेना. आत विस्तव असेल तर त्या दगडाभोवतीचं बर्फ वितळून काळी जागा राहते, तीच अंधारात खूण. त्या रात्री छप्पर सरसकट पांढरं. त्यानं हातानं उकरलं, दगड बाजूला केला आणि आत हात घातला तर कापड.

मला जाग आली ती वरून कोणीतरी ओरडत होतं म्हणून. "उस्ताद जी! उठो! बाहर!" चादर वर ओढली गेली. मग तो खाली आला आणि त्यानं आमच्यातल्या एकेकाला पायाला धरून ओढायला सुरुवात केली. दोस्त उठला, धडपडत बाहेर गेला आणि उलटी केली. मी रांगत गेलो. उभा राहिलो तर पाय कापडाचे. सायन्स भिंतीला धरून आला. सेठ उठेना. तो नुसता घोरत होता आणि ते घोरणं नेहमीचं नव्हतं. तिघांनी मिळून त्याला बाहेर बर्फावर आणला, त्याचं तोंड चोळलं, नाव घेऊन हाका मारल्या. दोस्त मोठ्यानं कलमा पढत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग सेठनं डोळे उघडले आणि म्हणाला, "सर फट रा मेरा." त्या चार शब्दांइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

दिवस उजाडेपर्यंत आम्ही दारात बसून राहिलो, दार सताड उघडं, अंगावर जे असेल ते घेऊन. थंडी होतीच. पण थंडीची ती आधीची तक्रार कुणी केली नाही.

खाली उतरायला दिवस गेला. सेठला दोघं धरून चालवत होते. दोस्ताचा भाऊ गाडी घेऊन आला होता. जवळच्या रुग्णालयात नेलं, सगळ्यांना मास्कनं ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टरसाहेबांना आश्चर्य वाटलं नाही. चिल्ला-ए-कलानमध्ये त्यांच्याकडं अशी माणसं येतातच म्हणाले. सगळी चालत येत नाहीत.

सायन्सनं तिथं खिशातून ऑक्सिमीटर काढला आणि डॉक्टरांना विचारलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की रात्री एकच्या सुमारास तो जागा होता. त्याचंही डोकं दुखत होतं. त्याला शंका आली होती, त्यानं बोटाला चिमटा लावून बघितला. 94. संध्याकाळच्याइतकाच. मग तो निर्धास्त झाला आणि निजला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा, कारण करोनानंतर हा चिमटा आपल्या निम्म्या घरांत आहे. कोळसा, लाकूड, गॅस, काहीही अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. रक्त मात्र लालच राहतं. चिमटा रक्ताचा रंग बघून आकडा सांगतो. जागेवर कोण बसलंय ते त्याला समजत नाही. म्हणून माणूस गुदमरत असताना तो ठीक आहे म्हणतो. खरं मोजायला रुग्णालयात रक्ताची वेगळी तपासणी लागते. उपाय म्हणजे आधी मोकळी हवा, मग ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा-दीड तास. धूर दिसणारी चूल डोळ्यांना झोंबते म्हणून माणूस तिला बाहेर वाट देतो. बिनधुराचे निखारे लबाड. आणि एकाच खोलीतल्या सगळ्यांची डोकी एकदम दुखू लागली तर ती उंची नव्हे, पित्त नव्हे आणि नजर लागणं तर नव्हेच. आधी दार उघडावं, कारण मागाहून शोधावं.

परतीच्या प्रवासात मी सायन्सला विचारलं. विमानतळावर, सेठ चहा आणायला गेला होता तेव्हा. "मी भोक बंद करताना तू बघितलंस ना?" तो हो म्हणाला. "मग बोलला का नाहीस?" तो बराच वेळ बुटांकडं बघत होता. म्हणाला, "सर, तुम्ही तास घेऊ नको म्हणाला होता."

यावर मला काही बोलता आलं नाही. त्याची चूक होती का? होती. एवढ्या गोष्टीला रुसवा धरायचा नसतो. पण वडीलकीच्या जोरावर एखाद्याचं तोंड चार लोकांत बंद करायचं आणि वर त्यानं वेळेला तोंड उघडावं अशी अपेक्षा ठेवायची, हे मी पंचवीस मुलांच्या वर्गातही करत आलो होतो. हसवून गप्प करणं ही मास्तरांची जुनी युक्ती आहे. छडीपेक्षा स्वस्त पडते.

काही महिन्यांनी त्यानं मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. समेटाची त्याची पद्धत. 1922 साली निघालेलं, 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड', लेखक अॅप्सली चेरी-गॅरार्ड. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतला हा तरुण. 1911 च्या जून अखेरीस, तिकडच्या भर हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही अशा अंधारात, तो आणि त्याचे दोन सोबती, डॉ. विल्सन आणि बॉवर्स, शंभरेक किलोमीटरवरच्या केप क्रोझियरला पेंग्विनची अंडी आणायला गेले. थंडी उणे 60 अंशांपर्यंत. तिथं त्यांनी दगडाची झोपडी रचली, वर कॅनव्हासचं छप्पर घातलं. वादळ आलं. आधी तंबू उडाला, मग ते छप्परही फाटून गेलं आणि तिघं उघड्यावर आपापल्या झोपायच्या पिशव्यांत पडून राहिले, वरून बर्फ. वादळ ओसरल्यावर तंबू उताराखाली सापडला, म्हणून परतले. 1 ऑगस्टला तळावर पोहोचले तेव्हा जवळ तीन अंडी होती.

पण सायन्सनं खूण घातली होती ती दुसऱ्याच पानावर. तिथं लेखक सांगतो की त्या सगळ्या दिवसांत आम्ही एकमेकांवर चिडलो नाही आणि 'प्लीज', 'थँक यू' म्हणायला विसरलो नाही. आधी मला ते साहेबी नखरे वाटले. मग त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. बॉवर्स आणि विल्सन पुढच्या वर्षी स्कॉटबरोबर ध्रुवावरून परतताना तंबूतच वारले. चेरी-गॅरार्ड त्यांना शोधायला गेलेल्या तुकडीत होता.

अमेरिकेच्या रिचर्ड बर्डची गोष्टही त्यानंच सांगितली. 1934 साली हा दर्यावर्दी अंटार्क्टिकात बर्फाखालच्या खोलीत हिवाळाभर एकटा राहिला. स्टोव्हचा नळ आणि हवेच्या वाटा बर्फानं तुंबायच्या. त्याला हाच वायू लागला आणि तो महिनोन्‌महिने आजारी राहिला. तळावरच्यांना काळजी नको म्हणून बिनतारी संदेशात तो लपवत राहिला. शेवटी संदेश विस्कळीत येऊ लागले, त्यावरून लोकांना उमगलं आणि ऑगस्टमध्ये ते त्याच्यापर्यंत पोहोचले. मी सायन्सला म्हणालो, त्याच्याजवळ उशाशी कुणी नव्हतं. तो म्हणाला, "आपल्याजवळ होतं, सर." आणि मग लगेच, "तेच तर."

गिझरच्या त्या मुलीला आता बरं आहे. तिच्या अब्बांनी गिझर बाहेरच्या भिंतीवर लावून घेतलाय. सायन्सनं मोहल्ल्यातली बारा-तेरा न्हाणीघरं जाऊन बघितली, मी त्याच्यामागं वही घेऊन. तीन ठिकाणी हवेची जाळी पुठ्ठ्यानं बंद केलेली सापडली. एका घरी आजीबाईंनी आम्हाला सुनावलं, "बेटा, जाडा लगता है." मी काय बोलणार? मलाही लागला होता.

सेठ कधी कधी म्हणतो की त्याला त्या रात्रीनंतर दुकानातल्या थानांचे भाव आठवत नाहीत. उधारी मात्र सगळी आठवते, तेव्हा मी फार मनावर घेत नाही.

त्या मुलाला पैसे द्यायला गेलो तर त्यानं मजुरी ठरली होती तेवढीच घेतली. जास्तीचे हातावर ठेवले तर मागं सरला. चादर त्याच्याकडंच राहिली. मध्यभागी काजळीचा मोठा काळा डाग पडला होता आणि घरी नेऊन काय सांगणार होतो? मेमध्ये दोस्तानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. कळप वर निघालेत, पुढं एक तट्टू, आणि तट्टूच्या पाठीवर सामानाखाली आमची सोलापुरी चादर, डाग बरोबर वर येईल अशी. बेगमला मी चादर विमानतळावर विसरली असं सांगितलं होतं.

सायन्स आता मला टोकतो. स्टाफरूममध्ये, परिपाठाला, मुख्याध्यापकांसमोर, कुठंही. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं आणि जेव्हा नसतं तेव्हाही मी ऐकून घेतो. परवा सकाळी सोलापुरात जरा गारठा होता. मी स्टाफरूममध्ये शिरलो तर त्यानं सगळ्या खिडक्या उघडून ठेवलेल्या. सगळे कुडकुडत होते. मी स्वेटरची बटणं लावली आणि वह्या तपासायला बसलो.